उंडीच्या पाठीमागची रेघ

ती गाडी आली तेव्हा मी शाळेच्या पडवीत बसून पाणी पीत होते. पांढरी, मोठी, बाहेरच्या जिल्ह्याची. फाटकातून सरळ आत आली, कबड्डीच्या मैदानाची फक्की पुसत गेली आणि कोपऱ्यातल्या उंडीच्या झाडाखाली जाऊन थांबली. उंडीच्या सावलीत पहिली-दुसरीची पोरं जेवायला बसली होती. त्यांनी खिचडीच्या ताटल्या उचलल्या आणि बाजूच्या उन्हात सरकली. कोणी रडलं नाही, कोणी ओरडलं नाही. गाडी आली की उठायचं असतं, हे त्यांना ठाऊकच होतं.

माझं डोकं फिरलं. मी तरातरा गेले आणि काच ठोकली.

"ही शाळा आहे. दिसत नाही?"

"मॅडम, मॅप इथेच दाखवतोय," ड्रायव्हर शांतपणे म्हणाला आणि फोन माझ्यासमोर धरला.

खरंच दाखवत होता. समुद्र होता, रस्ता होता, आणि आम्ही उभे होतो त्या जागेवर एक निळी खूण होती: 'बीच पार्किंग, फ्री'. कुणा पर्यटकाने कधीतरी पुण्य म्हणून टाकलेली. शाळेचं नाव कुठेच नव्हतं.

माझ्या काखेतून एक डोकं पुढे आलं. सातवीतली मुलगी, दोन वेण्या, हातात अर्धवट खाल्लेली ताटली. तिने नकाशा बोटाने इकडेतिकडे सरकवला आणि निकाल दिला.

"ताई, ह्येच्यात आमची शाळाच नाय. खानावळ आसा, बोट आसा, समोरच्या काकांचा घर आसा. आमी नाय."

मी पत्रकं लिहिते. सावंतवाडीला कॉलेजात असताना लिहायला लागले ती अजून थांबलेले नाही. त्या दिवशीही मी किनाऱ्यावरच्या कचऱ्याबद्दलचं एक पत्रक घेऊन तारकर्लीच्या अलीकडच्या त्या वाडीत आले होते. आम्हा पत्रकवाल्यांना वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह दिसतं आणि मग त्याच्या आधीचं वाक्य सुचतं. पण त्या मुलीच्या 'आमी नाय'ला उद्गारचिन्हच नव्हतं. ती ते तक्रारीच्या सुरात बोललीच नव्हती. आज डाळीत मीठ नाही, असं म्हणावं तसं म्हणाली आणि उरलेली खिचडी खायला गेली.

मुख्याध्यापक बाईंनी मला ऑफिसात बसवलं. ऑफिस म्हणजे एक कपाट, एक टेबल आणि नकाशांच्या गुंडाळ्या: जगाचा, भारताचा, महाराष्ट्राचा. बाई बोलायला मऊ, पण मऊपणाखाली जांभा दगड.

"तुमचं पत्रक वाचलं," त्या म्हणाल्या. "शुद्धलेखन बरं आहे. राग जास्त आहे."

"राग नको यायला?"

"यावा की. पण तो घेऊन तुम्ही संध्याकाळच्या एसटीने जाणार. मी इथेच आहे."

मग त्यांनी सांगितलं. मागच्या वादळात शाळेच्या आवारातली सगळी झाडं गेली. सुरू गेले, आंबा गेला, दोन माड गेले. उंडी तेवढी राहिली. वर्गांवर पत्रे आहेत. मार्चनंतर दुपारी आत बसवत नाही, म्हणून लहान वर्ग उंडीखाली भरतात आणि जेवणही तिथेच होतं. आता वाडीतल्या काही जणांचं म्हणणं होतं की गाड्या येतातच आहेत, तर तो कोपरा रीतसर पार्किंगला द्यावा. बैठक व्हायची होती. सरपंचांनी हात झटकले होते: शाळेतच बसा आणि ठरवा, म्हणाले.

"ती सावली गेली तर एप्रिलमध्ये मी पहिलीला कुठे बसवू, एवढंच मला सांगा," बाई म्हणाल्या. "बाकी तुमच्या पत्रकातलं सगळं मला पटतं."

मी म्हटलं, आपण आपला नकाशा काढू. त्यांच्या नकाशात शाळा नाही ना? मुलांच्या नकाशात असेल. बैठकीत तोच भिंतीवर लावू.

हे मी रागात बोलले. नकाशाचं थोडंफार काम मी शिकले होते: फोनमध्ये एक फुकटचं ॲप घ्यायचं, फोन हातात धरून चालायचं, आणि ठरावीक वेळाने तो जमिनीवरची आपली जागा टिपत जातो. एकेक ठिपका. मग लॅपटॉपवर ते ठिपके उपग्रहाच्या चित्रावर ठेवायचे आणि जोडायचे. राग चार दिवस टिकला असता. त्यानंतर मी त्या शाळेत जात राहिले ते पोरांमुळे.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी जात-कुळी काढली. माझं गाव तळेऱ्याच्या वरच्या अंगाला, भाताचं आणि काजूचं. समुद्र आमच्या वाट्याला सुट्टीत.

"ताई, तुमच्याकडे बांगडो एसटीतसून येता मां?"

"येतो."

"मगे तुमी आमका काय शिकवतल्यास?" सगळा वर्ग हसला. बाई फळ्याकडे तोंड करून हसल्या.

माझा फोन, बाईंचा फोन आणि दोन वेण्यांवालीच्या आईचा फोन, असे तीन फोन होते. तिची आई किनाऱ्यावर मासे विकते, त्यामुळे त्या फोनला सुरमईचा वास होता आणि तो वर्गात कुणालाही डोळे मिटून ओळखता यायचा. तीन गट केले. आधी विहीर, नळ, संडास, स्वयंपाकाची खोली, झेंड्याचा खांब अशा जागा टिपल्या. मग मी म्हटलं, आता तुम्हाला महत्त्वाची वाटते ती जागा टिपा. माझ्या डोक्यात आपलं ग्रंथालयाचं कपाट वगैरे. पोरांनी टिपलं ते असं: पावसात जिथे पाणी साचतं आणि बेडूक येतात ती खळगी. चेंडू गेला की सापडत नाही ती केवड्याची जाळी. तांबड्या मुंग्यांचं घरटं, त्यावर धोक्याची खूण. दुसरीतल्या एका पोराने बाईंची खुर्ची टिपली.

"खुर्ची हलते रे," मी म्हटलं. "ती नकाशात कशी घालू?"

"बाई हलनत नाय," तो म्हणाला.

खुर्ची नकाशात राहिली.

ठिपक्यांची गंमतही त्यांनीच शोधली. फोन ठरावीक वेळाने टिपतो, म्हणजे हळू चाललात तर ठिपके जवळजवळ पडतात आणि धावलात तर लांबलांब. लॅपटॉपवर एका गटाने चाललेली वाट उमटली तेव्हा सगळे खो खो हसायला लागले. मैदानात ठिपके सुटे सुटे होते आणि स्वयंपाकाच्या खोलीमागे नुसता काळा पुंजका. त्या दिवशी मटकीची उसळ होती.

"ह्या बघ," दोन वेण्यांवाली त्या गटाच्या पुढाऱ्याला म्हणाली, "तुजो वास घेतलेलो पण वर आकाशात कळता!"

सावली मोजायचं काम मात्र बाईंनी लावलेलं. सकाळी प्रार्थनेला, दुपारी जेवणाला आणि शाळा सुटताना, पोरं सावलीच्या कडेने फक्की टाकायची आणि फोन घेऊन त्या रेघेवरून चालायची. सकाळी इमारतीच्या एका बाजूला सावली असते, संध्याकाळी दुसऱ्या. दुपारच्या नकाशात अख्ख्या आवारात सावलीचा एकच तुकडा होता, कोपऱ्यात, उंडीखाली, साधारण गोल. बाकी सगळं पांढरं. मी ते चित्र बघितलं आणि मला माझं पत्रक डोळ्यासमोर दिसलं. छापलेलं. ठळक अक्षरात.

आवाराची हद्द शेवटी काढली. तिन्ही गटांनी आलटून पालटून गडग्याच्या कडेने एकेक फेरी मारायची असं ठरलं. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची नुसती रचलेली भिंत. बहुतेक ठिकाणी गुडघ्याएवढी होती आणि उंडीच्या मागे तर ढासळून फक्त खूण उरली होती. मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसले आणि पोरं चालली. तिन्ही फेऱ्या आल्या तेव्हा एक गोष्ट दिसली. कोपऱ्यात रेघ आत वळत होती. गडग्याच्या कडेने यायची ती उंडीच्या अलीकडून, तिला बाहेर ठेवून, पुढे जात होती. भाकरीचा घास घ्यावा तसा नकाशाचा कोपरा गेलेला.

मी ते बघितलं आणि मनाशी म्हटलं, दाट पानं आहेत, उपग्रह गोंधळला. झाडाखाली असं होतं, हे मी शिकले होते. तीन वेगळ्या फोनांनी एकाच जागी, एकसारखा गोंधळ कसा घातला, हा विचार मला करायला हवा होता. पण छापखानेवाला दुपारी बंद करतो आणि मला एसटी पकडायची होती.

पत्रकाचं शीर्षक होतं: 'सावली कोणाची? शाळेची!' खाली मुलांचा नकाशा. मालवणच्या बाजारात छापून आणलं आणि वाडीत घरोघर दिलं. नकाशाचा एक मोठा फ्लेक्सही केला. पोरांनी त्यावर आपापलं बोट ठेवून घरच्यांना दाखवलं, ही आमची विहीर, ह्या मुंग्यांचा घर.

बैठकीला पडवी भरली. आयाबाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला, पोरं पायऱ्यांवर. पार्किंगच्या बाजूने बोलणारे मुख्य गृहस्थ म्हणजे शाळेसमोरच्या निवास-न्याहारीचे काका. तीन खोल्या, मागे माडांची बाग, आणि बायकोच्या हातचं बांगड्याचं तिखलं खायला मुंबई-पुण्याची माणसं वर्षाआड परत येतात. मी त्यांना पत्रकात 'पर्यटनाचे दलाल' म्हटलं होतं. नावानिशी नाही, पण वाडीत दुसरं कोण होतं? आणि हेच काका दर शनिवारी शाळेला नारळ फुकट देतात, हे मला पत्रक छापून झाल्यावर कळलं. ते रागावलेले दिसत नव्हते. उलट मला बसायला खुर्ची दिली.

"ये गो, दलालाची खुर्ची आसा, पण बसाक बरी आसा."

बायका हसल्या. मी बसले.

त्यांच्या शेजारी त्यांचे वडील बसले होते. त्यांना अख्खी शाळा आजो म्हणते. वाडीत कुठलंही काम काढायचं, होडी पाण्यात घालायची, घराचा पाया घालायचा, तर गाऱ्हाणं आजो घालतात. म्हणजे देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आजोंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचं सांगणं पलीकडच्या वाडीतही पोचतं.

आधी बाई बोलल्या. मग मी बोलले, आणि चांगली बोलले. दुपारची सावली दाखवली, पांढरं मैदान दाखवलं, त्या पहिल्या गाडीची गोष्ट सांगितली. बायका मान हलवत होत्या. मग काका उठले. खिशातून माझंच पत्रक काढलं, चष्मा लावला आणि नकाशावर बोट ठेवलं.

"सगळा बरा काढलास. पोरांका शाबासकी. पण बाय, माका एक सांग. ही काळी रेघ म्हणजे शाळेची हद्द मां?"

"हो."

"आणि ही उंडी. ती रेघेच्या भायर आसा. म्हणजे पोरांनीच काढल्यानी, कोपरो शाळेचो न्हय. मगे थंय गाडी लावलंव तर शाळेचा काय गेला?"

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. फ्लेक्सवर ती रेघ आता गावभर दिसेल एवढी जाड होती.

"ती उपग्रहाची चूक आहे," मी म्हटलं. "झाडाच्या पानांमुळे सिग्नल..."

"चूक नाय."

दोन वेण्यांवाली पायरीवरून उठली होती. बाईंनी तिला डोळ्यांनी 'बस' म्हटलं, पण ती बसली नाही.

"चूक नाय, ताई. आमी तसेच चल्लाव. उंडीच्या फुडसून."

"पुढून का? गडगा तर मागून आहे ना?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होती: हिच्या गावाला बांगडा एसटीने येतो तेच खरं.

"पाठसून कसे जातलाव? थंय देवचार आसा."

आणि सगळ्या पडवीने मान डोलावली. माझ्या बाजूच्यांनी, त्यांच्या बाजूच्यांनी, सगळ्यांनी. उंडीच्या बुंध्याशी एक काळा दगड आहे, तो मीही रोज बघत होते. देवचार म्हणजे त्या जागेचा राखणदार. तो तिथे शाळेकडे तोंड करून बसलेला. त्याच्यासमोर बसावं, जेवावं, उंडीची फळं घेऊन गोट्या खेळाव्यात, त्याची काही हरकत नाही. पण त्याच्या पाठीमागची वाट त्याची स्वतःची. तिथून कोणी जात नाही. कधीतरी कुणी त्याला विडी ठेवतं, आणि बाई ती रोज सकाळी उचलून टाकतात, कारण शाळेच्या भिंतीवर 'तंबाखूमुक्त शाळा' लिहिलेलं आहे.

माझ्या गावीही असा एक दगड आहे. माझे वडील त्याला नारळ देतात. कॉलेजात मी अंधश्रद्धेवर दोन पत्रकं लिहिली होती आणि सुट्टीत घरी गेल्यावर त्या दगडाला वळसा घालूनच शेतात गेले होते. मला कळायला हवं होतं. मी आपली आकाशाकडे बोट दाखवत बसले.

काका मात्र आता अडचणीत आले होते, आणि ते बाईंनी बरोबर हेरलं.

"तुम्ही कधी गेलात का हो त्याच्या पाठीमागून?" बाईंनी विचारलं.

"मी? मी कित्याक जाव?"

"मग गाड्या वळवणार कुठून? पुढून आत घेतलीत तर मागूनच काढावी लागेल."

"भायरच्यांका काय म्हायत देवचाराचा," काका पुटपुटले. "ते जातले."

"म्हणजे तू तेंका पाठवतलंस," आयांमधून एक आवाज आला. हा सुरमईच्या फोनवाल्या आईचा. "देवचार काय गिऱ्हाईकाक धरतलो? तो तुका धरतलो, मेल्या. शिरा पडली तुज्या पार्किंगार!"

पडवी खदखदली. काकाही हसले, पण बसले नाहीत. "ता खरा," ते म्हणाले. "पण नकाशात कोपरो भायर आसा, ताव खरा. कागदाचा काय करतल्यास?"

हा मुद्दा माझ्या वर्मी लागला, कारण कागद माझा होता. उद्या तोच कागद घेऊन कुणी तालुक्याला गेलं असतं, तर मीच तो कोपरा सोडून दिला असता, ठळक अक्षरात. मी म्हटलं, हद्द परत चालून काढू, गडग्याच्या कडेने, नीट. पोरांकडे बघितलं. एकही पोर जागचं हललं नाही. मी म्हटलं, मी जाते. मी उठलेही. तर दोन वेण्यांवालीने माझी ओढणी धरली.

"ताई, नको. विचारल्याशिवाय नको."

तिला माझी काळजी वाटत होती. सगळ्या पत्रकांच्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी असं घाबरलेलं नव्हतं. मी खाली बसले.

आजो आतापर्यंत गप्प होते. अर्धं ऐकू आलं असेल, अर्धं नसेल. त्यांनी मुलाला कोपराने ढोसलं.

"काय झाला?"

काकांनी त्यांच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. आजोंनी ऐकलं आणि काठी टेकून उभे राहिले.

"मगे विचारूया. बसान काय गजाली करतास? नारळ हाडा."

नारळ काकांच्याच बागेतून आला. आम्ही सगळे उंडीसमोर गेलो. चपला काढल्या. बाईंनी सकाळची विडी उचलायची राहिली होती ती बघितली, ओठ मिटून घेतले आणि राहू दिली. बाप्ये पुढे, बायका मागे, पोरं मध्ये, फोन हातात. आजोंनी डोळे मिटले आणि घसा साफ केला.

"बा देवा जागेवाल्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही शाळेची लेकरां हातात मोबाईल घेवन तुज्या दारात उभी आसत!"

"व्हय म्हाराजा!" पोरांचा आवाज सगळ्यात मोठा.

"वर आकाशात कोणतरी फिरता, तेका हेंका आपली शाळा दाखवची आसा. म्हणान आज तुज्या पाठसून एक फेरी मारतली. एकच!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरां ती पोरां. कोण हसात, कोण पडात, तर सांभाळून घे!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हणत होते. पहिल्या दोन वेळा ओठांत, मग मोठ्याने. बाईंनी माझ्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागल्या.

"ही उंडी तू वादळात राखलंस. हिची सावली तू ह्या पोरांका दिलंस!"

"व्हय म्हाराजा!"

आजो थांबले. गाऱ्हाण्यात शेवटी वाईट चिंतणाऱ्यांचा समाचार घ्यायची रीत आहे, हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे सगळे कान टवकारून उभे होते.

"आता ह्या सावलीत जो कोण गाडी लावीत... जो कोण लावूक देयत... मगे तो भायरचो असो, नायतर माज्या पोटचो असो..."

काकांनी वडिलांकडे बघितलं. आजोंचे डोळे मिटलेले.

"तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

यावेळी 'व्हय' म्हणायची घाई कुणी केली नाही. सगळ्यांच्या नजरा एकाच माणसावर. काकांनी एकदा उंडीकडे बघितलं, एकदा पोरांकडे, आणि मान खाली घालून एकटेच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मग जो काही गजर झाला! उंडीवरचे कावळे उठले.

देवासमोर एकदा 'व्हय' म्हटलं की ते परत घेता येत नाही. बैठकीचा ठराव वगैरे बाईंनी नंतर लिहिला, सगळ्यांनी सह्याही केल्या, पण ठरलं ते तिथेच. नारळ फोडून होईस्तोवर काका माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बघलंस? बापाशीन माजोच बळी दिल्यान."

"वाईट वाटलं?"

"छा! माका घराकडे गेल्यार बायलेचा ऐकूचा लागला असता, ता वाचला." मग जरा थांबून म्हणाले, "तुज्या पत्रकात माका दलाल म्हटलंस, ता मात्र बरोबर न्हय. फुडच्या टायमाक 'उद्योजक' लिही."

आता पर्यटकांच्या गाड्या त्यांच्या बागेत लागतात, माडांखाली. अधूनमधून एखादा नारळ बॉनेटवर पडतो आणि रस्त्यापलीकडून भांडण ऐकू येतं. पोरांनी आणि मी मिळून ती निळी खूण चुकीची आहे म्हणून कळवलं, शाळेचं नाव टाकलं, उंडीखाली जेवतानाचा फोटो जोडला. बऱ्याच दिवसांनी खूण गेली. तरी एखादी गाडी जुन्या सवयीने फाटकातून आत येते. मग पहिलीतली पोरं ताटली घेऊन उठत नाहीत. बसूनच ओरडतात, "शाळा आसा! शाळा!"

त्या दुपारी, गाऱ्हाण्यानंतर, पोरं हद्द चालायला निघाली. यावेळी एकच गट, सगळे मिळून, पुढे दोन वेण्यांवाली, सुरमईचा फोन छातीशी धरून. मी पडवीत बसले नाही. उंडीपाशी उभी राहिले. गडग्याच्या कडेने सगळे शहाण्यासारखे चालत आले. कोपरा आला. त्यांनी एकमेकांचे हात धरले. मग सगळी पोरं झाडाच्या मागे गेली आणि मला दिसेनाशी झाली. नुसता पाचोळ्याचा आवाज आला. पलीकडून बाहेर पडली तेव्हा सगळ्यांचे चेहरे लाल होते.

संध्याकाळी एसटीत बसून मी लॅपटॉप उघडला. हद्द आता पूर्ण होती. उंडी आत होती, तिची सावली आत होती, कोपरा चौकोनी होता. फाटकापासून ठिपके दाट, सारख्या अंतराने, बाई बघतायत अशा शिस्तीने पडलेले. स्वयंपाकाच्या खोलीमागे नेहमीचा पुंजका. आणि उंडीच्या पाठीमागे, त्या एवढ्या लांब जागेत, फक्त दोन ठिपके. एक अलीकडे, एक पलीकडे. मधली वाट माझी पोरं जिवाच्या आकांताने धावली होती.

मी ते ठिपके नीट करू शकले असते. मधे दोन-चार टाकून रेघ सारखी करायला काहीच लागत नाही. मी तसेच ठेवले. फ्लेक्स नवा करून घेतला, आणि तो आता ऑफिसात महाराष्ट्राच्या नकाशाशेजारी टांगलेला असतो. कोणी अधिकारी आले की बाई त्यांना विहीर दाखवतात, मुंग्या दाखवतात, स्वतःची खुर्ची दाखवतात. मग त्या कोपऱ्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "इथे ठिपके दोनच का, सांगा बघू?"

आमच्या भागातला माणूस असेल तर बघताक्षणी सांगतो.